धुराला आधी वाट, मग लिंपण

जालन्याच्या एमआयडीसीत शिरलं की सळयांनी लादलेल्या गाड्या आणि रोलिंग मिलची धुराडी आधी नजरेत भरतात. भंगार वितळवून बिलेट करायचं आणि बिलेट तापवून, लाटून सळई काढायची, हा इथला मोठा उद्योग. या मिलमध्ये राबणारे हात बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले आहेत, तसेच आसपासच्या खेड्यांतलेही. त्यांतल्या अनेकांची जेवणं चालतात ती खाणावळींवर आणि घरगुती डब्यांवर. डबे करणाऱ्या घराला इंधनाचा प्रश्न रोजचाच. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही आणि 19 किलोचं व्यावसायिक सिलिंडर डब्याच्या भावात बसवताना ओढाताण होते. अशा घराला पेलेटची शेगडी जवळची वाटते. पऱ्हाटी, तुराट्या, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा हे सगळं दळून, दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक कांड्या म्हणजे पेलेट. शेगडी नवी असते तोवर जाळ निळसर-पिवळा आणि स्वच्छ असतो. काही महिन्यांनी एक दिवस स्वयंपाकघर धुरानं भरतं, तेव्हा घरात दोन मतं पडतात. ती दोन्ही मतं समोरासमोर यावीत म्हणून पुढचा संवाद रचला आहे. त्यातली मावशी एमआयडीसीला लागून असलेल्या वस्तीत डबे करते. भाचा एका रोलिंग मिलच्या मेंटेनन्स खात्यात फिटर आहे. माणसं कल्पित आहेत, पण दुखणं खरं आहे.

भाचा : मावशी, आधी ती शेगडी बंद कर. पेलेट भरायच्या हॉपरच्या झाकणातून धूर येतोय, नळीच्या जोडातून येतोय. मी दोरी आणि सीलंट घेऊनच आलोय. अर्ध्या तासात सगळे जोड बंद करतो.

मावशी : अरे, एवढ्यानं काय होतंय? चुलीपाशी जन्म गेला माझा. डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय चुलीनं कधी भाकरी दिली नाही. जाळ आहे तिथं धूर असायचाच. खिडकीतून जाईल निघून.

भाचा : इथंच आपलं जमत नाही. चुलीचा धूर आणि या शेगडीचा धूर एका मापानं मोजू नकोस. ही शेगडी बनवलीय तीच मुळी धूर जाळण्यासाठी. खालच्या जाळीतून हवा येते, तिच्यानं पेलेट तापतात आणि त्यांतून वायू सुटतो. वरच्या भोकांतून दुसरी हवा येते, ती त्या वायूला पेटवते. ही दुसरी हवा कमी पडली की वायू न जळताच बाहेर पडतो, आणि आपण त्याला धूर म्हणतो. धूर दिसला की समज, पैसे मोजून आणलेला माल न जळताच चाललाय.

मावशी : पैशाचं पटलं. पण पेटवताना तर रोजच धूर होतो.

भाचा : पेटवताना पाच-सात मिनिटं पांढरट धूर होतो, तो चालतो. बर्नर थंड असतो, वायू पेटायला वेळ लागतो. जाळ धरल्यावरही धूर येत राहिला तर ते दुखणं. आणि दिसणाऱ्या धुराचीच भीती आहे असं नाही. त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो. तू परवा म्हणालीस, डोकं जड झालं, मळमळलं, आणि अंगणात बसल्यावर बरं वाटलं. ते पित्त नसेल. घरात असताना दुखणं आणि बाहेर गेलं की उतरणं, ही त्या वायूची खूण आहे.

मावशी : (थोडं थांबून) सुनेचंही त्या दिवशी डोकं दुखत होतं.

भाचा : दोघींचं एकाच वेळी दुखलं, म्हणजे तर शंकाच नको. म्हणून म्हणतो, आजच सील करू.

मावशी : कर. पण मला आधी एक सांग. तू म्हणतोस झाकणातून धूर येतो, जोडातून येतो. गेल्या दिवाळीत ही शेगडी आली तेव्हा हेच झाकण होतं, हाच जोड होता. तेव्हा का येत नव्हता?

भाचा : दोरी दबली असेल, चिरली असेल. उष्णतेनं होतंच.

मावशी : एकाच आठवड्यात सगळीकडची? तुमच्या मिलमधली ती बिलेट तापवायची भट्टी, तिच्या दारातून कधी जाळ बाहेर येत नाही का?

भाचा : येतो ना. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त ठेवायचा असतो. फार वाढला की दाराच्या फटीतून ज्वाळा निघते. कमी झाला की बाहेरची गार हवा आत शिरते आणि बिलेटवर स्केल जास्त धरतं.

मावशी : मग ज्वाळा आली की तुम्ही दार लिंपता का?

भाचा : नाही. आधी धुराड्याकडचा डॅम्पर बघतो. तो अडकला असेल तर तिकडची वाट अडते, दाब तुंबतो आणि दारातून निघतो.

मावशी : मग माझ्या शेगडीला निराळा नियम कशाला? तिच्या धुराड्यात कोणी बघितलंय? तू आल्या आल्या दार लिंपायला निघालास.

भाचा : (शेगडीच्या मागे वाकून) खरं आहे. आणि हिचा ब्लोअर हवा आत ढकलणारा आहे, बाहेर ओढणारा नाही. थंडीच्या देशांत घर उबदार ठेवायला ज्या पेलेट शेगड्या असतात, त्यांत बहुधा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा असतो. तिथं भट्टीच्या दाराला फट पडली तर बाहेरची हवा आत शिरते, धूर बाहेर येत नाही. धूर गळतो तो पंख्याच्या पुढच्या नळीतून. आपल्या शेगडीत सगळं उलटं. पंखा मागून ढकलतो, आणि पुढं वाट अडली की धूर मिळेल त्या फटीतून निघतो. मी सगळ्या फटी बंद केल्या असत्या आणि नळी तुंबलेलीच राहिली असती, तर गरम वायू मागं हॉपरमध्ये गेला असता. तिथं भरलेले पेलेट पेटले असते.

मावशी : म्हणजे धुरावर भागलं असतं, तिथं आग लागली असती.

भाचा : हो. शेगडी गार झालीय, आता नळी उघडतो. हे बघ, कोपऱ्याच्या खालचं टोपण काढलं की आडव्या नळीत अर्ध्याहून जास्त राख. बोटानं दाबली तर पिठासारखी बसते. वर उभ्या नळीत काजळीचा थर आहे, तो नखानं खरवडावा लागतोय. आणि छपरावरच्या टोपीला पाखरं येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी काजळीनं पार बुजलीय.

मावशी : ती जाळी बसवणाऱ्यानं लावली होती, पण झाडायची असते हे सांगितलं नाही.

भाचा : आडवी नळी जितकी लांब आणि कोपरे जितके जास्त, तितकी राख बसायला जागा जास्त. नळी जमेल तेवढी सरळ वर न्यायची, कोपरा असेल तिथं टोपण ठेवायचं आणि महिन्याला झाडायचं. वरचं तोंड पत्र्याच्या मोडाच्या चांगलं वर हवं, नाहीतर वारा फिरला की धूर खाली ढकलतो. पण राख केराच्या टोपलीत टाकू नकोस. तिच्यात निखारा तासन् तास जिवंत राहतो. झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भर आणि बादली घराबाहेर ठेव.

मावशी : आता शेगडीतल्या खालच्या जाळीकडं बघ. सकाळी मी सळईनं टोचलं तर खडा लागला.

भाचा : क्लिंकर आहे. पऱ्हाटीसारख्या शेतमालात पोटॅश असतं. जाळ फार तापला की राख वितळते आणि गार होताना खडा होऊन बसते. जाळीची भोकं बुजली की खालची हवा अडते. ब्लोअर तेवढाच फिरतो, पण हवा बाजूनं वाट काढते आणि धूर घेऊन जोडातून निघते. माझा दुसरा बेत होता मोठा ब्लोअर लावायचा. तो आता रद्द. जास्त हवेनं जाळ गार पडला असता, राख उडाली असती आणि गळती वाढली असती.

मावशी : हे मी चुलीवर शिकले. फुंकणीनं फुंकायचं ते निखाऱ्यावर आणि बेतानं. जोरात फुंकलं की राखच तोंडावर येते.

भाचा : पण मावशी, आता तुझ्या बाजूची तपासणी. हे पोतं कधी आणलंस?

मावशी : श्रावण लागताना. स्वस्तात मिळालं, म्हणून चार पोती घेतली. तिथं भिंतीला लावून ठेवलीत.

भाचा : थेट फरशीवर? एक पेलेट मोड बरं.

मावशी : (मोडून) नुसता दबला. भुगा झाला.

भाचा : चांगला पेलेट कट्कन मोडतो, वरून चकचकीत दिसतो. हा फुगलाय. पेलेटमध्ये ओल साधारण दहा टक्क्यांच्या आत हवी. फरशीची ओल पोत्यातून वर चढते, पावसाळी हवा उरलेली भरते. ओला पेलेट आधी वाफ काढतो. जाळाची ताकद पाणी उडवण्यात जाते, बर्नर तापत नाही, वायू पेटत नाही. पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर त्याचाच. आणि तळाचा हा चुरा जाळीत गच्च बसून हवा अडवतो. तू म्हणतेस थोडा धूर असायचाच. हा धूर तर आपण पोत्यात भरून घरी आणला.

मावशी : हे मात्र माझ्या पदरात पडलं. तुराट्या माळ्यावर ठेवायचे, गोवऱ्या हुडव्यात रचायचे. पेलेट कारखान्यातून आलेले, त्यांना काय होतंय, असं धरून चालले.

भाचा : फळ्या टाकून त्यावर पोती ठेव, भिंतीपासून हातभर लांब. भरण्याआधी चाळणीनं चाळ. चुरा शेगडीत नको.

मावशी : नळी झाडली, जाळी झाली, पेलेट कोरडे घेतले. आता तरी दोरी लावणार की नाही?

भाचा : आता लावतो, पण आधी फट शोधून. जाळाशिवाय नुसता ब्लोअर लावू आणि अगरबत्ती पेटवून जोडाजोडाशी धरू. जिथं अगरबत्तीचा धूर बाहेर फेकला जातो, तिथं फट. झाकणासाठी कागदाची पट्टी मध्ये ठेवून झाकण लावायचं आणि ओढायची. अलगद निघाली तर दोरी दबलीय. आणि रात्री दिवे घालवून बर्नरच्या आत बॅटरी लावली की बाहेरून प्रकाशाची रेघ दिसते, तीही फट.

मावशी : ही दोरी कसली आहे?

भाचा : काचतंतूची. भट्टीच्या कामात पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी सर्रास असायची. अजून कुठं जुन्या स्टोअरमध्ये सापडली तरी ती घरात आणायची नाही. तिचे तंतू फुफ्फुसात गेले की पुढं कॅन्सर होऊ शकतो. आणि खिडक्यांच्या काचा बसवतात ते साधं सिलिकॉनही बर्नरजवळ चालत नाही, तापलं की जळून त्याचाच वास सुटतो. जिथं उष्णता जास्त तिथं भट्टीचं सिमेंट आणि ही दोरी.

मावशी : (अगरबत्ती धरून) बाकी जोड ठीक दिसतात. पण हे बघ. ब्लोअर बंद आहे, तरी हॉपरपाशी धूर खोलीकडं ओढला जातोय.

भाचा : खिडकी बंद का आहे?

मावशी : उघडली की बाहेरची काजळी पिठावर बसते. परातीत मळलेल्या कणकेवर काळे ठिपके दिसतात. कामगाराला तसला डबा कसा द्यायचा? म्हणून खिडकी लावते आणि वरचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवते.

भाचा : मग अर्धं दुखणं इथं आहे. एक किलो पेलेट नीट जळायला पाच-सहा किलो हवा लागते, म्हणजे चार-पाच घनमीटर. तू तासाला दोन-तीन किलो जाळतेस. तो एक्झॉस्ट तासाला शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकतो. खिडकी बंद, दार लोटलेलं. हवा आत येणार कुठून? मग ती धुराड्यातून आणि शेगडीच्या फटींतून खेचली जाते. बाहेरचा धूर आत येऊ नये म्हणून खिडकी लावली, आणि शेगडीचा धूर आत ओढून घेतला.

मावशी : आणि दुपारी वीज जाते तेव्हा?

भाचा : तेव्हा ब्लोअर थांबतो, पण जाळीवरचे पेलेट धुमसत राहतात. हवा नाही, जाळ नाही, नुसता धूर आणि कार्बन मोनॉक्साइड. ब्लोअरला लहान बॅटरी किंवा इन्व्हर्टर हवाच. वीज गेली की पेलेट सोडायचं बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि माणसं बाहेर.

मावशी : खिडकी उघडली तर काजळीचं काय?

भाचा : वाऱ्याच्या पलीकडच्या भिंतीला, खाली, जाळी लावून हवेची खिडकी काढू. पीठ मळायचा ओटा तिच्यापासून लांब नेऊ. आणि मिलच्या धुराबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं वस्तीनं लेखी तक्रार करायची. ती काजळी सोसणं हा तुझा भाग नाही.

मावशी : एवढं सगळं बघून मला वाटतं, गॅसच बरा. बटण फिरवलं की जाळ. 2016 साली उज्ज्वला योजना आली तेव्हा वस्तीतल्या किती जणींनी चूल मोडली.

भाचा : मोडली, आणि पुन्हा मांडलीही. सिलिंडर भरायचे पैसे नसले की कोपऱ्यातली चूल पेटतेच. तुझ्या धंद्याला तर 19 किलोचंच सिलिंडर लागतं. मला पेलेट सोडायचे नाहीत. हे इंधन इथल्या शिवारातून येतं. पऱ्हाटी वावरात जाळण्यापेक्षा शेगडीत जळालेली बरी.

मावशी : तू शेगडीची बाजू घेतोस, पण अशा शेगड्या आधीही आल्या होत्या. सरकारनं 1983 पासून सुधारित चुली वाटल्या. आमच्याही गावात बसवल्या होत्या. वर्ष-दोन वर्षांत नळी फुटली, कोणी दुरुस्त केली नाही, बायांनी त्या फोडून पुन्हा तीन दगड मांडले.

भाचा : पंख्याच्या शेगडीचंही तेच झालं. 2006 च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियमनं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं ‘ऊर्जा’ शेगडी काढली. बॅटरीवरचा लहानसा पंखा आणि पेलेट. महाराष्ट्र-कर्नाटकात लाखो विकल्या गेल्या. पुढं ते काम पुण्याच्या कंपनीकडं आलं. शेगडीचं शास्त्र पक्कं होतं. पण पेलेट ज्या बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चिपाडापासून, व्हायचे तो महागला, पेलेटचा भाव चढला आणि घरोघरच्या शेगड्या अडगळीत गेल्या. कंपनी हॉटेल आणि कँटीनकडं वळली.

मावशी : म्हणजे शेगडी चांगली असून भागत नाही.

भाचा : नाही. कोरडं इंधन वेळेवर मिळायला हवं आणि दुरुस्तीला माणूस हाकेवर हवा. हे दोन्ही नसले की चांगली शेगडीही चुलीइतकाच धूर देते.

मावशी : तर मग तू महिन्यातून एकदा येशील, नळी उघडशील. मी पोती फळीवर ठेवीन आणि खिडकी उघडी. आणि तुझ्या मिलमधल्या पोरांनाही सांग, धूर आला की आधी लिंपायला धावू नका म्हणावं.

या दोघांतलं कोण बरोबर, असा प्रश्न वाचकाला पडेल. भाच्याचा आग्रह योग्य आहे. घरात धूर अजिबात सोसायचा नाही, आणि चुलीची सवय हे धूर गिळत राहण्याचं कारण होऊ शकत नाही. मावशीचा आग्रहही योग्य आहे. धूर जिथं दिसतो तिथं त्याचं कारण असेलच असं नाही, आणि वाट अडलेली असताना फटी बंद करणं घातक आहे. चुकतो तो क्रम. शेगडी गार करा. नळी, कोपरे आणि वरची टोपी झाडा. जाळीवरचे खडे काढा. पेलेट मोडून बघा. खोलीला बाहेरची हवा मिळते का ते पाहा, एक्झॉस्ट बंद करून पाहा. हे सगळं झाल्यावरच अगरबत्तीनं फट शोधा आणि दोरी लावा. नवी शेगडी घेणाऱ्यानं आयएस 13152 हे भारतीय मानक विचारावं. घरात उचलून ठेवता येणाऱ्या, पंख्याच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता त्यानुसार किमान 35 टक्के लागते. पारंपरिक चुलीत ती दहाच्या आसपास असते. विकणाऱ्याला भावाआधी दोन गोष्टी विचारा : पावसाळ्यात कोरडे पेलेट कोण देणार, आणि ब्लोअर बिघडला तर कोण येणार. उत्तर मिळालं नाही तर शेगडी घेऊ नका. एका खोलीच्या घरात, धुराड्याशिवाय, लहान मूल झोपत असलेल्या ठिकाणी पेलेट शेगडी लावूच नका.

आणि शेगडीजवळ काम करताना डोकं दुखू लागलं, मळमळलं, घरातल्या दुसऱ्या कोणालाही तसंच वाटलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन आधी बाहेर या आणि त्रास उतरत नसेल तर 108 ला फोन करा.